संयुक्त सरकारचा कार्यक्रम आणि बहुजनसमाजाची आशा

(वाचनालयाच्या वार्षिक सभेंत एका खेड्यांतील शिक्षकानें केलेलें भाषण)



वाचनालयाच्या चालकांनीं आम्हांस बोलावयास सांगितलें आणि विषयहि त्यांनींच नेमून दिला. निवडणुका होतात, कोणत्याहि एका पक्षाला पुरेशा जागा मिळत नाहींत, मग चार पक्ष एके ठिकाणीं बसून एक कार्यक्रम लिहितात, त्यावर सह्या करतात आणि सरकार बनवितात. अशा कार्यक्रमाकडे आपण खेड्यांतील लोकांनीं कोणत्या दृष्टीनें पाहावें, एवढाच आजचा प्रश्न आहे. आम्ही राजकारणी नव्हों. आमचें काम मुलांस बाराखडी व पाढे शिकविण्याचें. परंतु ज्याला पाढे येतात त्यानें हिशेब विचारूं नये असा कोठें नियम नाहीं, म्हणून आपणांपुढें उभे राहिलों आहों.

शहरांतील पुष्कळ शहाणीं माणसें अशा सरकारला 'खिचडी सरकार' म्हणून हिणवितात. आमच्या शाळेंत दुपारीं खिचडी शिजते. आई पहांटेस मजुरीला गेली म्हणून उपाशीं आलेलें पोर त्या खिचडीच्या आशेनें वर्गांत टिकतें, हें आम्ही डोळ्यांनीं पाहतों. तेव्हां खिचडीला नांवें ठेवणाराला आमचा सवाल एवढाच, कीं बाबा, ती शिजली आहे कीं कच्ची आहे, आणि पंगतीच्या शेवटीं बसलेल्याच्या ताटांत ती पडते कीं नाहीं, हें तूं पाहिलेंस काय? सरकार एका पक्षाचें कीं पांच पक्षांचें, हा वाद पोट भरलेल्यांचा आहे. आपला वाद ताटांत काय पडतें याचा आहे.

आपल्या गांवांत या बाबतींत दोन प्रकारचीं माणसें दिसतात. एक पारावर बसून म्हणतो, "सगळे एकाच माळेचे मणी; कोणीहि आला तरी आपलें नशीब तेंच." दुसरा गुलाल उधळीत म्हणतो, "आपल्या जातीचा माणूस मंत्री झाला, आतां आपलें राज्य आलें." पहिल्याची आशा मेलेली, दुसऱ्याची आंधळी, आणि दोघांचा परिणाम एकच, कीं सरकारला जाब विचारणारा कोणी उरत नाहीं. यांतील दुसरा रोग आपल्या चळवळीला जुना आहे. १९१९ च्या सुधारणांच्या कायद्यानंतर मुंबई इलाख्याच्या कौन्सिलांत ब्राह्मणेतरांचीं माणसें गेलीं, त्यांच्यांतले कांहीं मंत्री झाले. तें योग्यच होतें. परंतु सत्यशोधकांनीं खेड्यापाड्यांत पेटविलेला दिवा अनेक ठिकाणीं मंत्र्यांच्या स्वागताच्या कमानीपुढें मंद झाला. खुर्ची मिळाली म्हणजे काम झालें असें आपल्याच लोकांस वाटूं लागलें. हा दोष दुसऱ्याच्या माथीं मारण्यांत अर्थ नाहीं.

असें असूनहि आमचें मत आशेच्या बाजूचें आहे, आणि त्याला कारण आहे. एकट्या पक्षाचें सरकार आपलें वचन आपल्याच पेटींत ठेवतें. त्याची आठवण करून देणारा घरांत कोणी नसतो. संयुक्त सरकारांत एकमेकांवर भरंवसा कमी, म्हणून सर्व कांहीं लिहून ठेवावें लागतें. भाऊ भाऊ एकत्र नांदतात तोंवर तोंडी व्यवहार चालतो. पण चार परके शेतकरी मिळून विहीर खणतात तेव्हां ते पाण्याच्या पाळीचा कागद करतात. सरकारांतील पक्षांनीं हा कागद एकमेकांच्या धाकानें केलेला असतो, तरी तो आपल्या उपयोगाचा आहे. त्यावर चौघांच्या सह्या असतात. एकानें टाळाटाळ केली तर दुसऱ्याच्या दारांत जातां येतें.

हें केवळ तर्कानें सांगत नाहीं. घडलेली गोष्ट सांगतों. १९७७ सालीं चार जुने पक्ष एकत्र येऊन दिल्लींत जनता पक्षाचें सरकार आलें. तें अडीच वर्षेंहि टिकलें नाहीं, भांडणांत मोडलें. परंतु मोडण्यापूर्वीं, १ जानेवारी १९७९ रोजीं, त्यानें बिंदेश्वरी प्रसाद मंडल यांच्या अध्यक्षतेखालीं मागासवर्ग आयोग नेमला. आयोगानें ३१ डिसेंबर १९८० रोजीं आपला अहवाल दिला. त्यांत ३,७४३ जाती मागासलेल्या ठरविल्या, लोकसंख्येंत त्यांचें प्रमाण शेंकडा ५२ धरलें, आणि न्यायालयाची शेंकडा ५० ची मर्यादा मोडूं नये म्हणून शेंकडा २७ च जागांची शिफारस केली. पुढें जवळजवळ दहा वर्षें हा अहवाल सरकारी कपाटांत पडून राहिला. त्या काळांत दिल्लींत बहुमताचें बळ असलेलीं सरकारें होतीं. १९८४ सालीं तर एकाच पक्षाला लोकसभेंत ४०० हून अधिक जागा मिळाल्या. तरी कपाट उघडलें नाहीं. तें उघडलें १९८९ सालीं आलेल्या, बाहेरच्या टेकूवर उभ्या असलेल्या विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या राष्ट्रीय आघाडीच्या सरकारनें. ७ ऑगस्ट १९९० रोजीं शिफारस मान्य केल्याची घोषणा झाली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तें सरकार पडलें. सरकार पडलें, पण हुकूम पडला नाहीं. १६ नोव्हेंबर १९९२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शेंकडा २७ जागा, सुस्थितींतील घरें वगळून, मान्य केल्या आणि १९९३ पासून मध्यवर्ती सरकारच्या नोकऱ्यांत त्या मिळूं लागल्या.

शाहू छत्रपतींनीं २६ जुलै १९०२ रोजीं करवीर संस्थानांत शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखण्याचा हुकूम काढला होता. तो विचार सबंध देशाच्या नोकऱ्यांत अर्धामुर्धा उतरावयास नव्वद वर्षें लागलीं, आणि तो उतरविला दोन अल्पायुषी सरकारांनीं. दुबळ्या सरकारच्या हातून मोठें काम होत नाहीं असें जे म्हणतात, त्यांस हें उत्तर पुरे आहे.

आतां नाण्याची दुसरी बाजू पाहूं. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई कौन्सिलांत आपल्या चळवळींतील सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानलेल्या बांधवांस मोकळ्या असाव्यात, असा तो ठराव. सरकारनें त्याप्रमाणें परिपत्रक काढलें. महाडच्या नगरपालिकेनेंहि आपलें तळें मोकळें केल्याचा ठराव केला. कागद कोठेंहि कमी पडला नाहीं. तरी साडेतीन वर्षें त्या चवदार तळ्याचें पाणी त्या बांधवांच्या ओंजळींत आलें नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों लोकांसह तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्याले, तेव्हां त्या ठरावाला जीव आला. त्याबद्दल लोकांनीं मार खाल्ला, तळ्याचें 'शुद्धीकरण' झालें, खटला चालला, आणि हायकोर्टाचा निकाल १९३७ सालीं लागला. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षें गेलीं. ठराव करणारे आपलेच होते. पण ठरावामागें चालणारे लोक नसते तर तो दप्तरांतच राहिला असता.

याहून जवळचें उदाहरण आपल्या राज्याचें आहे. १८ जुलै १९७८ रोजीं शरद पवार यांच्या नेतृत्वाखालीं पुरोगामी लोकशाही दलाचें संयुक्त सरकार आलें. दहा दिवसांच्या आंत, २७ जुलैला, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनीं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव केला. ठराव न्याय्य होता. परंतु मुंबईंत ठराव झाला त्या दिवशीं मराठवाड्यांतील खेड्यांत त्याची समजूत घालावयास कोणी गेलें नव्हतें. वस्त्या जळल्या, माणसें मारलीं गेलीं, कुटुंबें गांव सोडून गेलीं. नांव शेवटीं १४ जानेवारी १९९४ रोजीं लागलें, तेंहि जुन्या नांवाला जोडून. बंधूंनो, एक गोष्ट कडू आहे पण येथें बोललीच पाहिजे. तीं घरें पेटविणारे हात परमुलखांतून आले नव्हते. त्यांत स्वतःला बहुजन म्हणविणाऱ्या जातींतलेहि हात होते. जोतीरावांची तसबीर भिंतीवर लावून शेजारच्या वस्तीच्या छपराला चूड लावणें, हें सत्यशोधन नव्हे. सरकारचा कार्यक्रम कितीहि चांगला असो. तो पेलण्याइतकें गांवाचें मन आपण तयार केलें नाहीं, तर त्याचा बळी आपल्याहून दुबळा माणूस होतो.

त्याच सरकारच्या काळांतली दुसरी गोष्ट मात्र उमेद वाढविणारी आहे. २६ जानेवारी १९७९ पासून महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा अमलांत आला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची ही कल्पना. १९६५ सालीं तासगांव तालुक्यांतील विसापूर येथें तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळांत ती राज्यभर चालली. १९७५ पासून शहरांतील नोकरदार व व्यापारी यांच्यावर व्यवसायकर बसवून तिच्यासाठीं पैसा उभा केला. १९७७ सालीं विधिमंडळानें तिचा कायदा केला. म्हणजे एका सरकारनें रोप लावलें, दुसऱ्यानें कुंपण घातलें, आणि तिसऱ्यानें, जें पहिल्यांच्या विरोधांत आलें होतें, तें रोप उपटून न टाकतां पाणी दिलें. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यावें, न दिल्यास भत्ता द्यावा, हा त्या कायद्याचा गाभा. दुष्काळांत खडी फोडणाऱ्या बाईला पूर्वीं सरकार दया म्हणून काम देत असे. कायद्यानंतर तिला तें हक्कानें मागतां येऊं लागलें. दया आणि हक्क यांत काय अंतर आहे, हें ज्यानें सावकाराच्या ओट्याखालीं उभें राहून उसनवारी मागितली आहे त्याला सांगावें लागत नाहीं.

आमच्या शाळेपुरतें सांगतों. दिवाळी झाली कीं ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचीं मुलें हजेरीपटावरून हळूहळू नाहींशीं होतात. ज्या सालीं गांवांत बंधाऱ्याचें, रस्त्याचें काम निघतें आणि मजुरी वेळेवर हातीं पडते, त्या सालीं कांहीं घरें थांबतात आणि तेवढीं मुलें वर्गांत राहतात. सरकारचा कार्यक्रम आम्हांस अशा रीतीनें हजेरीपटावर वाचतां येतो.

महाराष्ट्राची ही हमी पुढें दिल्लीस गेली. मे २००४ मध्यें तेथें संयुक्त पुरोगामी आघाडीचें सरकार आलें. डावे पक्ष बाहेरून पाठिंबा देत होते. त्यांनीं किमान समान कार्यक्रम छापून लोकांपुढें ठेवला. खेड्यांतील प्रत्येक कुटुंबाला वर्षांतून निदान १०० दिवस काम, माहितीच्या हक्काचा अधिक चांगला कायदा, राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा ६ इतका खर्च शिक्षणावर, स्त्रियांना विधिमंडळांत एक-तृतीयांश जागा, अशीं वचनें त्यांत होतीं. आज वीस वर्षांनंतर त्याचा हिशेब मांडणें सोपें आहे.

कामाच्या हक्काचें बिल डिसेंबर २००४ मध्यें आलें तेव्हां तें दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांपुरतेंच होतें. म्हणजे वचन दिलें शेरभर आणि माप घातलें अदपाव. गोरगरिबांच्या संघटनांनीं व पाठिंबा देणाऱ्या पक्षांनीं तो कागद पुढें धरला आणि विचारलें, "येथें काय लिहिलें आहे?" ऑगस्ट २००५ मध्यें कायदा झाला तेव्हां त्यांत खेड्यांतील सर्व कुटुंबें आलीं. २ फेब्रुवारी २००६ रोजीं २०० जिल्ह्यांत तो सुरू झाला आणि १ एप्रिल २००८ पासून देशांतील सर्व ग्रामीण जिल्ह्यांत पोंचला. माहितीच्या हक्काचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. त्याचें मूळहि खेड्यांतच आहे. राजस्थानांत मजुरांनीं १९९४ च्या सुमारास जनसुनावण्या भरविल्या. सरकारी कामाच्या हजेरीपटाची नक्कल मिळवून ती सर्वांसमक्ष मोठ्यानें वाचली. ज्यांना अक्षर येत नव्हतें त्यांनींच ऐकून सांगितलें, कीं हा मनुष्य त्या कामावर कधींच नव्हता, आणि तो तर मेलेला आहे. वाचन ही केवढी शक्ति आहे, हें आम्हां मास्तरांनीं त्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या माणसांकडून शिकावें.

आतां जें मिळालें नाहीं तें सांगूं. शिक्षणावर शेंकडा ६ खर्च करावा, ही शिफारस कोठारी आयोगानें १९६६ सालीं केली. २००४ च्या कार्यक्रमांत ती पुन्हां लिहिली, २०२० च्या शिक्षणधोरणांत आणखी एकदां लिहिली. देश तेथवर अजून पोंचलेला नाहीं. स्त्रियांच्या जागांचें बिल ९ मार्च २०१० रोजीं राज्यसभेंत मंजूर झालें आणि लोकसभेंत अडकलें. पुढें २०२३ सालीं निराळ्या सरकारनें घटनादुरुस्ती केली. पण तिचा अंमल नव्या शिरगणतीला व मतदारसंघांच्या नव्या आंखणीला बांधून ठेवला. जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें मागितलें, कीं निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें. सबंध देशासाठीं तसा हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मधें १२८ वर्षें गेलीं. आपलीं पोरें वाट पाहत बसलीं, तोंवर कितीतरी पिढ्या अंगठा उठवून गेल्या.

मिळालेलेंहि कायमचें मिळालें असें समजूं नये. २००५ च्या त्या काम-हक्काच्या कायद्याच्या जागीं डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें नवा कायदा केला. त्यांत दिवसांचा आंकडा १०० वरून १२५ वर नेला, आणि त्याच वेळीं खर्चांतला राज्यांचा वांटा वाढविला. पुष्कळांनीं पहिला आंकडा वाचून टाळ्या वाजविल्या. दुसरा वाचला नाहीं. दिवस वाढणें चांगलेंच. पण राज्याच्या तिजोरींतून पैसा निघाला नाहीं तर वाढलेले दिवस कागदावरच उगवतील आणि मावळतील. तेव्हां दोन्ही आंकडे वाचावे, मग आपलें मत बनवावें.

आपल्या राज्यांत नोव्हेंबर २०१९ मध्यें तीन पक्षांचें सरकार आलें. पुढच्याच महिन्यांत त्यानें दोन लाख रुपयांपर्यंतच्या थकलेल्या पीककर्जाच्या माफीची योजना जाहीर केली आणि तिला महात्मा जोतीराव फुले यांचें नांव दिलें. पुष्कळ कुटुंबांच्या सातबाऱ्यावरचा बोजा त्यामुळें उतरला, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु ज्याची थकबाकी दोन लाखांच्या वर होती तो बाहेर राहिला. ज्याचें कर्ज बँकेचें नसून खाजगी सावकाराचें होतें, त्याची तर यादींत गणतीच नव्हती. आणि तें सरकार जून २०२२ मध्यें पडलें. योजनेला जोतीरावांचें नांव दिलें म्हणून आपण हात जोडले. पण जोतीरावांचा खरा मान राखावयाचा तर यादी चावडीवर लावून घेऊन ती सर्वांसमक्ष वाचावयास हवी होती. किती गांवांनीं ती वाचली?

या सर्वांतून आम्हांस एक गोष्ट दिसते. संयुक्त सरकारचें आयुष्य भरंवशाचें नाहीं. १९७८ चें दीड-दोन वर्षें, १९८९ चें वर्षभरहि नाहीं, २०१९ चें अडीच वर्षें. २००४ चें पांच वर्षें टिकलें, पण त्याचेहि मोठे दोन कायदे पहिल्या सव्वा वर्षांत झाले आणि २००८ सालीं डाव्यांनीं टेकू काढून घेतला. म्हणून वाफसा आहे तोंवरच पेरणी उरकली पाहिजे. सरकार नवें असतें, सह्या ओल्या असतात, प्रत्येक पक्षाला आपलें वजन दाखवावयाचें असतें. मागण्याची वेळ तीच. पांचव्या वर्षीं निवडणुकीच्या तोंडावर जें मिळतें तें बहुधा बिदागी असते.

नवा कार्यक्रम हातीं आला म्हणजे त्यांतील प्रत्येक कलमाला चार प्रश्न विचारावे. पहिला: हें कायद्यानें देणार कीं मेहेरबानीनें? मेहेरबानी ही देणाऱ्याबरोबर जाते. कायदा मोडावयास पुन्हां सभागृहांत सर्वांदेखत उभें राहावें लागतें. दुसरा: मुदत कोणती? 'लवकरच' आणि 'टप्प्याटप्प्यानें' हे शब्द पंचांगांत नाहींत. तिसरा: पैसा कोठून येणार? व्यवसायकर बसला म्हणून रोजगार हमी जगली, हें विसरूं नये. चौथा: न मिळाल्यास कोणत्या अधिकाऱ्याचें दार ठोठवावयाचें? ज्या कलमाला या चारहि प्रश्नांचें उत्तर आहे त्यावर भरंवसा ठेवावा. ज्याला दोहोंचेंच आहे त्याच्या मागें लागावें. ज्याला एकाचेंहि नाहीं, तें कलम म्हणजे लग्नांतील अक्षता. पडल्या, पायाखालीं गेल्या.

आज आपल्यापुढें असें एक कलम उभें आहे. १९३१ नंतर देशाच्या शिरगणतींत सर्व जातींचे आंकडे प्रसिद्ध झाले नाहींत. मंडल आयोगालाहि त्याच जुन्या आंकड्यांवर भागवावें लागलें. २०२१ सालीं मध्यवर्ती सरकारनें सर्वोच्च न्यायालयांत सांगितलें, कीं अशी गणना कारभाराच्या दृष्टीनें अवघड आहे. बिहारांत मात्र संयुक्त सरकारनें ती करून दाखविली आणि २ ऑक्टोबर २०२३ रोजीं आंकडे जाहीर केले: मागास व अतिमागास मिळून शेंकडा ६३. पुढें तें संयुक्त सरकार जानेवारी २०२४ मध्यें मोडलें. आंकड्यांच्या आधारें वाढविलेल्या राखीव जागा पाटणा हायकोर्टानें जून २०२४ मध्यें रद्द केल्या. पण आंकडे कोणाला पुसतां आले नाहींत. जून २०२४ मध्यें दिल्लींत पुन्हां मित्रपक्षांच्या आधारावर सरकार आलें आणि त्यानें ३० एप्रिल २०२५ रोजीं पुढच्या शिरगणतींत सर्व जातींची नोंद करण्याचा निर्णय जाहीर केला. जें अवघड होतें तें शक्य झालें. आम्ही या निर्णयाचें स्वागत करतों. हा निर्णय कोणत्या पक्षानें कोणत्या डावानें घेतला, हें आम्ही विचारीत नाहीं. पाणी कोणत्या डोंगरावरून आलें हें तहानलेला विचारीत नाहीं. पण तें गाळून मात्र घेतों. आंकडे कधीं प्रसिद्ध होणार, पोटजातींसह होणार काय, आणि त्यावरून शाळा, वसतिगृहें, शिष्यवृत्त्या यांची वांटणी बदलणार काय, हें विचारीत राहिलें पाहिजे.

आणि यांत आपलेंहि काम आहे. शिरगणतीचे कागद घेऊन घरोघर जाण्याचें काम बहुधा आम्हां शिक्षकांच्याच वांट्यास येतें. दारांत आलेल्या मास्तराला लाजून आपली जात लपवूं नका, किंवा मोठेपणासाठीं दुसरी सांगूं नका. जातीचा अभिमान आम्ही शिकवीत नाहीं. परंतु रोग मोजल्यावांचून औषधाचें माप ठरत नाहीं.

आमची वाचनालयाला सूचना आहे. सरकार कोणतेंहि येवो, त्याच्या कार्यक्रमाची एक प्रत येथें भिंतीवर लावावी. शेजारीं एक वही टांगावी; तींत प्रत्येक कलमापुढें तारीख घालून काय झालें तें लिहावें. ग्रामसभेच्या आदल्या दिवशीं ती वही चारचौघांत वाचावी. जें कळत नसेल तें माहितीच्या हक्कानें दहा रुपये भरून विचारावें. तीस दिवसांत उत्तर देणें अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. अर्ज लिहून देण्याचें काम आम्ही आणि आमच्या शाळेंतून शिकून गेलेलीं मुलें करूं. त्याची दक्षिणा नको. वाचणाऱ्यांत आया-बहिणी असाव्यात, आणि वस्तीवरचीं माणसें मागें उभीं न राहतां पुढें बसावीत. ज्या सभेंत तीं मागें उभीं आहेत, त्या सभेला सरकारकडे समतेचा हिशेब मागण्याचा अधिकार नाहीं.

सावधपणाची आशा म्हणजे अर्धी आशा नव्हे. शेतकरी मृगांत पेरतो तेव्हां पाऊस पडेलच असें त्याला कोणी लिहून दिलेलें नसतें. तरी तो पेरतो, आणि पेरून घरीं झोंपत नाहीं, राखणीला जातो. नव्या सरकारला आपण वैरी मानूं नये आणि देवहि मानूं नये. त्यानें लिहून दिलेलें जपून ठेवावें, केलेल्या कामाला मोकळ्या मनानें चांगलें म्हणावें, राहिलेल्या कामाची आठवण दर महिन्यास द्यावी. तें पडलें तर त्याचा कागद घेऊन पुढच्याच्या दारांत जावें. १९७९ चा कागद १९९० सालीं वटला, तो कोणीतरी जपून ठेवला होता आणि कोणीतरी मागत राहिला होता म्हणूनच.

 वहीचें पहिलें पान आजच आंखून आणलें आहे. तें अध्यक्षमहाराजांच्या स्वाधीन करतों.